मोठा साहेब हलत का नाही

(नशिराबाद येथील शिबिरात संघटनेच्या वतीने झालेले भाषण. मे १९८८. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

साथींनो,

मे महिन्याच्या उन्हात तुम्ही भादली स्टेशनावरून चालत आलात, कुणी हमरस्त्यावर एस.टी.तून उतरलात. यावल, रावेर, चोपड्याची माणसं आहेत, धुळे जिल्ह्यातून शहाद्याकडचे साथीही आहेत. तेव्हा गोलगोल बोलण्यात वेळ घालवत नाही. सकाळच्या गटचर्चेत बहुतेक गटांनी एकच प्रश्न लिहून दिला आहे. आपण ज्या वनसाहेबाविरुद्ध अर्ज केला, पंचनाम्याच्या नकला जोडल्या, बायांनी भर कचेरीत उभं राहून जबाब दिले, तो माणूस अजून साहेब कसा?

नव्या साथींसाठी प्रकरण थोडक्यात सांगतो. १९८६ च्या दिवाळीआधी सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावर उभ्या ज्वारीत गुरं घातली गेली, झोपड्या पाडल्या, आणि दंड म्हणून पैसे घेतले त्याची पावती दिली नाही. त्या पाड्यावरचे प्लॉट जुने आहेत. ३१ मार्च १९७८ पर्यंतची जंगल जमिनीवरची अतिक्रमणं नियमित करावीत असा शासनाचा निर्णय त्याच वर्षीच्या डिसेंबरात निघालेला आहे, आणि आपली माणसं त्यात बसतात असं आपलं म्हणणं आहे. ते म्हणणं चूक की बरोबर हे ठरायच्या आधीच पीक गेलं. आपण तहसीलला गेलो, कलेक्टर कचेरीला गेलो, मंत्रालयात टपाल दिलं. पुढे काय झालं तुम्हाला ठाऊक आहे. साहेबाची बदली झाली आणि बदलीबरोबर बढती झाली. आपल्या अकरा जणांवर जंगल गुन्ह्याचे खटले लागले. ते आजही तारखा करताहेत. (पाड्याचं आणि साहेबाचं नाव पत्रकात छापू नये असं ठरलं आहे. अब्रूनुकसानीचा दावा लागला तर स्टेन्सिल कापणाऱ्या पोराला कोर्टात उभं राहावं लागेल, आणि आपल्याकडे स्टेन्सिल कापणारा एकच आहे.)

तर प्रश्न रास्त आहे. पण तो आपल्या एकट्याचा नाही, आणि फक्त वनखात्याचाही नाही. गेल्याच महिन्यात, २९ एप्रिलला, दिल्लीच्या सुप्रीम कोर्टाने एक निकाल दिला. पेपरात तो आला, पण इतक्या अवघड भाषेत आला की आपल्यातल्या शिकलेल्यांनीही दोन ओळी वाचून पान उलटलं. तो निकाल आपल्या राज्याच्या एका माजी मुख्यमंत्र्याचा आहे. ती गोष्ट आम्ही आज सविस्तर सांगणार आहोत, कारण रेंजरपासून मुख्यमंत्र्यापर्यंत कुलूप एकाच बनावटीचं आहे. फक्त वर जावं तसं ते मोठं होत जातं.

बॅरिस्टर अंतुले जून १९८० मध्ये मुख्यमंत्री झाले. त्या काळात सिमेंटवर सरकारचं पूर्ण नियंत्रण होतं हे तुम्हाला आठवत असेल. विहिरीच्या बांधकामाला चार पोती पाहिजेत तर परमिट, परमिटला अर्ज, अर्जाला शिफारस, आणि शेवटी पोती काळ्या बाजारातच. मुंबईच्या बिल्डरांना चार पोती लागत नाहीत, गाड्याच्या गाड्या लागतात. आरोप असा होता की मुख्यमंत्र्यांनी काही ट्रस्ट काढले, त्यातला एक इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान, आणि ज्या बिल्डरांनी ट्रस्टला देणग्या दिल्या त्यांना कोट्याबाहेरचं सिमेंट मिळालं. ऑगस्ट १९८१ च्या अखेरीस 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये अरुण शौरींनी हे सगळं आकड्यांसकट छापलं.

एक गोष्ट इथंच बोलून टाकू. काल रात्री हा विषय निघाला तेव्हा आपली एक आजी म्हणाली, "मना पैसा तेन्हीच चालू करा ना?" बरोबर आहे आजीचं. संजय गांधी निराधार योजना १९८० साली अंतुल्यांच्याच राजवटीत सुरू झाली आणि आपल्या कित्येक म्हाताऱ्यांच्या घरात मीठ-तेल त्या पैशावर येतं. ते कुणी नाकारत नाही. आणि हेही ध्यानात ठेवा की कोणत्याही कोर्टाने अंतुल्यांना आजवर दोषी ठरवलेलं नाही, तेव्हा आम्हीही त्यांना चोर म्हणत नाही. आमचा सवाल वेगळा आहे. आरोप खरा की खोटा याची साधी तपासणी सुरू व्हायला सात वर्षं का पुरली नाहीत?

आता रस्ता बघा. आपण तलाठ्याकडून सर्कलकडे, सर्कलकडून तहसीलला, तहसीलमधून प्रांताकडे आणि तिथून परत तलाठ्याकडे फिरतो ना, तसाच हा रस्ता आहे.

रामदास नायक नावाचे मुंबईचे भाजपचे पुढारी. त्यांनी १ सप्टेंबर १९८१ रोजी राज्यपालांकडे अर्ज केला की मुख्यमंत्र्यांवर खटला भरायला मंजुरी द्या. मंजुरी कशाला? लोकसेवकावर लाचेचा खटला चालवायचा तर त्याला पदावरून काढण्याचा अधिकार ज्याला आहे, त्याची आधी मंजुरी लागते असं १९४७ चा लाचलुचपतीचा कायदा सांगतो. मुख्यमंत्र्याला काढणार कोण, तर राज्यपाल. दहा दिवसांनी, ११ सप्टेंबरला, नायकांनी मुंबईच्या मॅजिस्ट्रेट कोर्टात फिर्याद दाखल केली. मॅजिस्ट्रेट म्हणाले, मोठ्या कलमांना मंजुरी लागते, ती आणा. नायक हायकोर्टात गेले.

तिकडे हे चालू असताना दुसऱ्या वाटेने काम झालं. पी. बी. सामंत आणि आणखी काही जणांनी हायकोर्टात वेगळा अर्ज केला होता. त्यात शिक्षा मागितली नव्हती, सिमेंटचं वाटप कसं झालं एवढंच कोर्टापुढे मांडलं होतं. १२ जानेवारी १९८२ ला न्यायमूर्ती लेंटिन यांनी निकाल दिला की देणगी आणि सिमेंट यांचा एकमेकांशी संबंध दिसतो. त्या निकालानंतर अंतुल्यांना राजीनामा द्यावा लागला आणि त्याच महिन्यात बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री झाले.

इथं थोडं थांबू, कारण इथंच बऱ्याच जणांची समजूत घोटाळते. लोक म्हणतात, कोर्टाने मुख्यमंत्र्याला काढलं. कोर्टाने काढलं नाही. कोर्टाला तसा अधिकारच नव्हता. राज्यपालांनी काढलं नाही, विधानसभेने काढलं नाही. काढायचे जेवढे म्हणून कायदेशीर मार्ग होते त्यातला एकही वापरला गेला नाही. झालं असं की त्यांना ठेवणं हे काढण्यापेक्षा त्यांच्याच पक्षाला महाग पडू लागलं. दोन वर्षांमागे, मार्च १९८६ मध्ये, मुख्यमंत्री निलंगेकर गेले तेही याच पद्धतीने. मुलीच्या एम.डी.च्या परीक्षेतल्या गुणांचा मामला होता. हायकोर्टाच्या न्यायमूर्तींनी निकालपत्रात ताशेरे मारले, ते पेपरात आले, आणि राजीनामा आला. चार वर्षांत दोन मुख्यमंत्री गेले, आणि दोन्ही वेळा एखाद्याने कागद घेऊन कोर्टाचं दार वाजवलं होतं.

पुन्हा खटल्याकडे येऊ. अंतुले आता नुसते आमदार राहिले. जुलै १९८२ मध्ये राज्यपालांनी मंजुरी दिली, पण सगळ्या आरोपांना नाही, थोड्याच बाबींना. म्हणजे पहिल्या अर्जापासून अकरा महिने. त्या निमित्ताने एक चांगली गोष्ट मात्र झाली. मुख्यमंत्र्यावर खटल्याची मंजुरी देताना राज्यपालांनी मंत्रिमंडळाचा सल्ला ऐकायचा का, हा प्रश्न सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, आणि तिथं ठरलं की अशा वेळी राज्यपालांनी स्वतःच्या बुद्धीने ठरवावं. नाहीतर मुख्यमंत्र्याचंच मंत्रिमंडळ मुख्यमंत्र्याबद्दल सल्ला देणार! जामदारखान्याच्या किल्ल्या कुणाच्या कमरेला, तो प्रकार.

मंजुरी मिळाली, ऑगस्ट १९८२ मध्ये विशेष न्यायाधीशांपुढे नवी फिर्याद झाली. तर आक्षेप आला की खाजगी माणसाला अशी फिर्याद करताच येत नाही. तो आक्षेप फेटाळेपर्यंत आणि हायकोर्टात त्यावर वाद होईपर्यंत १९८३ चा मार्च उजाडला. मग पुढचा आक्षेप. अंतुले अजून आमदार आहेत, आमदार हासुद्धा लोकसेवक, म्हणून आमदाराला काढू शकणाऱ्याची मंजुरी हवी. आमदाराला कोण काढू शकतं? विधानसभा. म्हणजे विधानसभेने ठराव करावा की आमच्या या सभासदावर खटला भरा! विशेष न्यायाधीशांनी २५ जुलै १९८३ ला हा आक्षेप मान्य केला आणि अंतुल्यांना आरोपातून मोकळं केलं.

नायक सुप्रीम कोर्टात गेले. १६ फेब्रुवारी १९८४ ला पाच न्यायमूर्तींनी सांगितलं की आमदार त्या अर्थाने लोकसेवक नाही. आणि ज्या पदाचा गैरवापर झाल्याचा आरोप आहे ते पद सोडल्यावर मंजुरीची गरजच राहत नाही. दोन-अडीच वर्षं ज्या मंजुरीपायी गेली तिची वाट राजीनाम्याच्या दिवशीच मोकळी झाली होती, असा त्याचा अर्थ. आणखी एक काम सुप्रीम कोर्टाने केलं. आधीच फार उशीर झाला म्हणून खटला विशेष न्यायाधीशांकडून काढून थेट मुंबई हायकोर्टाच्या न्यायमूर्तींकडे दिला आणि शक्यतो रोजच्या रोज चालवा म्हणून सांगितलं.

चालला. ५७ साक्षीदार झाले. फिर्यादीने ४३ आरोप मांडले होते, त्यातले न्यायमूर्तींनी २१ ठेवले. उरलेल्यांसाठी पुन्हा सुप्रीम कोर्ट. एप्रिल १९८६ मध्ये ते म्हणालं, तेही घ्या, आणि न्यायमूर्ती बदला. नव्या न्यायमूर्तींनी ७९ आरोप ठेवले. आणि आता २९ एप्रिल १९८८ ला त्याच सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायमूर्तींनी बहुमताने सांगितलं आहे की १९८४ साली आम्ही खटला हायकोर्टाकडे दिला तेच कायद्याला धरून नव्हतं. कायद्याप्रमाणे हा खटला विशेष न्यायाधीशांपुढेच चालला पाहिजे. हायकोर्टाकडे दिल्याने आरोपीचा एक अपिलाचा हक्क गेला. तेव्हा परत तिकडे न्या.

काल हे ऐकून एका म्हाताऱ्या भाऊंनी विचारलं, "मंग तो जेलमा गया का नही?" नाही भाऊ. खटला जिथून निघाला होता त्या दाराशी पुन्हा उभा आहे.

आता आम्ही जे बोलणार आहोत ते काही साथींना आवडणार नाही. या निकालातला मुख्य मुद्दा आम्हाला पटतो. कोर्टाच्या हातून झालेली चूक आरोपीच्या अंगावर पडू नये, प्रत्येकाला कायद्याने दिलेली अपिलाची पायरी मिळावी, यात वावगं काय आहे? आपल्या अकरा जणांनाही तेच पाहिजे आहे. मंजुरीची अटसुद्धा हवेतून आलेली नाही. १९७४ चा कायदा आठवा, ज्याने गैरआदिवासींकडे गेलेल्या आपल्या जमिनी परत द्यायच्या होत्या. एखाद्या तहसीलदाराने धीर करून गूजर-पाटलाकडची वीस एकर जमीन भिल्लाच्या नावावर परत लावली, तर दुसऱ्याच दिवशी त्याच्यावर चार खोट्या फिर्यादी पडतील. पैसेवाल्याला वकील परवडतो. मंजुरीची अट त्या तहसीलदाराला वाचवते. असे तहसीलदार आम्ही पाहिले आहेत, थोडे पण पाहिले आहेत. म्हणून ही अट साफ काढून टाका अशी मागणी आम्ही करत नाही.

खोट किल्ली कुणाच्या हातात आहे त्यात आहे. मंजुरी द्यायची त्याने, ज्याने माणसाला नेमला, ज्याने त्याला बढती दिली, ज्याच्या फायलीवर त्याच माणसाच्या सह्या आहेत. आणि त्याने मंजुरी दिली नाही तर? नाही असं लिहूनही द्यावं लागत नाही, अर्ज नुसता पडून राहतो. नकार मिळाला तर त्याच्याविरुद्ध कोर्टात जाता येतं, पडून राहिलेल्या अर्जाविरुद्ध गरीब माणूस कुठं जाणार? आपला अर्ज मंत्रालयात असाच पडून आहे. म्हणून मागणी अशी ठेवा: मंजुरीला मुदत घाला, नकार असेल तर कारणासह लेखी द्या, आणि ठरवणारा त्याच खात्यातला नसू द्या.

मघाशी कुलूप मोठं होत जातं म्हटलं ते कसं, तेही समजून घ्या. झोपडी पाडणं, पीक चारणं, मारहाण, हे गुन्हे फौजदारी कायद्यात येतात. तिथं मंजुरीची अट सगळ्यांना नाही. सरकारच्या मंजुरीशिवाय ज्याला पदावरून काढता येत नाही अशा वरच्या लोकांनाच तिचं संरक्षण आहे, आणि तेही त्यांनी ते काम सरकारी कर्तव्य बजावताना केलं असेल तर. फॉरेस्ट गार्डाला त्याचा वरिष्ठच काढू शकतो, म्हणून गार्डाविरुद्ध ती अट आड येत नाही. परिणाम काय होतो? हुकूम देणारा अटीच्या आत आणि हुकूम पाळणारा बाहेर. तुम्ही चिडून गार्डावर फिर्याद करता, जो बहुतेक आपल्यासारख्याच घरातला पोरगा असतो, आणि ज्याने जीपमधून उतरून बोट दाखवलं त्याच्यापर्यंत कागद पोचतच नाही. तेव्हा फिर्याद लिहिताना हुकूम कुणी दिला, कोणते शब्द वापरले, जीपचा नंबर काय, हे पहिल्या परिच्छेदात घ्या.

नोकरीतून काढणं हे आणखी वेगळं. राज्यघटनेचं ३११ कलम सांगतं की सरकारी नोकराला नेमणाऱ्यापेक्षा खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने काढायचं नाही, आणि आरोप सांगून, बाजू ऐकून, चौकशी केल्याशिवाय काढायचं नाही. कलेक्टर आणि वरच्या वनाधिकाऱ्यांपैकी बरेच जण अखिल भारतीय सेवेतले असतात. राज्य सरकार त्यांना निलंबित करू शकतं, पण बडतर्फ करायचा अधिकार दिल्लीचा. हायकोर्टाच्या न्यायमूर्तीला काढायचं तर संसदेच्या दोन्ही सभागृहांत, एकूण सदस्यांचं बहुमत आणि हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश मतं लागतात. घटना लागू झाल्यापासून असा एकही न्यायमूर्ती निघालेला नाही.

आता हेच काढणं आपल्या बाजूने बघा. अतिक्रमण काढायला एक नोटीस पुरते, आणि ती तरी कधी मिळते? मिळाली तर मराठी टाइपात, वाचणारा गावात नाही. बाजू ऐकण्याची तारीख नाही, दोन तृतीयांश मतं नाहीत. सकाळी ट्रक येतो. साहेबाला नोकरीतून काढणं आणि आपल्याला शेतातून काढणं या दोन्हींत माणसाची भाकरी जाते. एका भाकरीभोवती राज्यघटनेचं कुंपण आहे. दुसरीभोवती जे कुंपण घातलं तेच शेत खातं.

निलंबनाबद्दल आपल्या लोकांचा फार गैरसमज आहे. साहेब सस्पेंड झाला की गावात गुलाल उधळतात. निलंबन ही शिक्षा नाही, चौकशी होईपर्यंत कामापासून दूर ठेवणं आहे. त्या काळात साधारण अर्ध्या पगाराइतका निर्वाह भत्ता मिळतो, चौकशी लांबली तर तो वाढवताही येतो, आणि निर्दोष सुटला तर मागची थकबाकीसुद्धा. मिळावा, आमची ना नाही, त्याचीही पोरंबाळं आहेत. पण रोजगार हमीच्या कायद्यात काम मागून पंधरा दिवसांत मिळालं नाही तर मजुराला बेकार भत्ता आहे, तो दिवसाला किमान एक रुपया. इथं बसलेल्यांपैकी तो एक रुपया कुणाच्या हातात पडला आहे, हात वर करा. (सभेत एकही हात वर झाला नाही. संपादक.)

बदलीवर काल रात्री आपल्यात कडाक्याचं भांडण झालं, ते इथं उघड मांडतो. काही साथी म्हणाले, गेला ना आपल्या डोक्यावरून, झालं काम. त्यांचं चुकीचं आहे असं आम्हाला म्हणवत नाही. ज्या बाईच्या झोपडीचा वासा मोडला तिला तो माणूस रोज जीपमधून जाताना दिसू नये असं वाटणारच. पण बदली झालेला साहेब हवेत विरत नाही, तो दुसऱ्या कुणाच्या जंगलात उतरतो. आणि तुम्ही नीट बघा, बदनाम झालेले अधिकारी शिक्षा म्हणून पाठवतात कुठं? धडगावला, अक्कलकुव्याला, मेळघाटात, गडचिरोलीत. पुण्याच्या माणसाला ज्याचा त्रास नको तो आपल्याला चालतो. आपलं गाव ही सरकारची शिक्षेची जागा आहे! शहरात खाऊन आलेला माणूस चिडून इथं येतो, घर तिकडेच ठेवतो, आणि परत जायच्या खर्चाची भरपाई आपल्याकडून करतो. म्हणून यापुढे 'बदली करा' ही घोषणा मोर्च्यात देऊ नये असं आमचं मत आहे. चौकशी करा, आणि चौकशी होईपर्यंत बढती रोखा, एवढंच मागावं. यावर मतभेद राहिले आहेत, ते राहू द्या, गावोगाव बोला.

लोकायुक्तांबद्दल दोन शब्द. महाराष्ट्राचा लोकायुक्त कायदा १९७१ चा, आणि १९७२ पासून आपल्याकडे लोकायुक्त आहेत. देशात हे काम आपल्या राज्याने आधी सुरू केलं, पण मुख्यमंत्र्याला त्यातून वगळून. मंत्री आणि अधिकाऱ्यांविरुद्ध तक्रार करता येते. लोकायुक्त शिक्षा करत नाहीत, शासनाला शिफारस करतात. शासनाने ऐकलं नाही तर ते राज्यपालांना अहवाल देतात आणि तो विधिमंडळापुढे येतो. हे ऐकून कुणी म्हणेल, मग काय उपयोग? अंतुल्यांच्या आणि निलंगेकरांच्या गोष्टीत मघाशी काय पाहिलं ते आठवा. अधिकारी व्यक्तीने लिहिलेला, सही-शिक्क्याचा, पेपरात छापता येईल असा एक कागद. त्या कागदाने कुणाला काढता येत नाही, पण त्याला पाठीशी घालणाऱ्यांची झोप उडते. लोकायुक्तांची तक्रार प्रतिज्ञापत्रासह करावी लागते. नुसतं गाऱ्हाणं असेल तर कळल्यापासून बारा महिन्यांच्या आत, आणि भ्रष्टाचाराचा किंवा अधिकाराच्या गैरवापराचा आरोप असेल तर घटनेपासून तीन वर्षांच्या आत. आपली घटना १९८६ च्या दिवाळीआधीची. म्हणजे गाऱ्हाण्याची मुदत गेली, आरोपाची अजून आहे. पुढच्या वर्षी दिवाळीआधी तीही संपेल.

राज्यपालांकडेही आपण जाऊ. पाचव्या अनुसूचीखाली अनुसूचित क्षेत्रांच्या कारभाराबद्दल राज्यपालांनी राष्ट्रपतींना अहवाल द्यायचा असतो. १९८५ च्या डिसेंबरातल्या आदेशाने चोपडा, यावल, रावेर तालुक्यांतली काही गावं त्या क्षेत्रात आहेत. नशिराबाद त्यात नाही, पण तो पाडा आहे. ज्या राजभवनाने मुख्यमंत्र्यावरच्या अर्जाला अकरा महिने घेतले ते आपल्या अर्जाला किती घेईल, सांगता येत नाही. तरी पोच घेऊन ठेवायची.

आता काम वाटून घेऊ. प्रतिज्ञापत्र नऊ जणांचं करायचं आहे, त्यात त्या दिवशी पाड्यावर असलेल्या चार बाया असल्या पाहिजेत. अंगठा असेल तर वाचून दाखवल्याची ओळ आणि वाचणाऱ्याची सही खाली घ्या. मागच्या वेळी दोन कागद त्यापायी परत आले. स्टॅम्पचा आणि नोटरीचा खर्च गावांनी मिळून करायचा. ज्यांच्याकडे दंडाचे पैसे दिल्याचे साक्षीदार आहेत त्यांनी रक्कम, तारीख, जागा आणि पैसे कुणाच्या हातात दिले हे आजच लिहून द्या, कोंबडं किंवा तूप दिलं असेल तर तेही लिहा. आमदाराकडे पावसाळी अधिवेशनासाठी प्रश्न द्यायचा आहे: मंजुरीचा अर्ज कोणत्या तारखेला मिळाला आणि तो आज कोणाच्या टेबलावर आहे. एवढंच विचारायचं, भाषण नको. अकरा जणांच्या पुढच्या तारखेला प्रत्येक गावाने दोन माणसं कोर्टात पाठवावीत. पोळ्या-भाकरी बांधून आणा, कारण मागच्या खेपेला हॉटेलात फार पैसे गेले.

जेवणानंतर यावलचे साथी सातबाऱ्याच्या उताऱ्यावर बोलणार आहेत. ज्यांनी उतारे आणले आहेत त्यांनी पुढे बसावं.